हाड एकाकडे, जनावर दुसऱ्याकडे

गोव्यात हाडांचे जीवाश्म शोधायला कोणी येत नाही, येऊन फायदाही नाही. अनमोडच्या घाटातला पट्टेदार खडक तीनशे कोटी वर्षांहून जुना. डिचोली-सांग्याचे लोखंडाचे खनिज ज्या थरांत आहे ते त्याच्या अलीकडचे, पण तेही कणा असलेल्या पहिल्या प्राण्याच्या कितीतरी आधीचे. तो प्राणी आला पन्नासएक कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे इथला बहुतेक खडक घडला तेव्हा हाड ही वस्तूच जगात यायची होती. ईशान्येला सुर्ल्याच्या बाजूला दख्खनच्या काळ्या दगडाची किनार आहे, पण तो पडला लाव्हारस. आणि या सगळ्यावर जांभा, जो पाणी पिऊन पिऊन स्वतःच अर्धा विरघळलेला असतो.

माझी भाची पुण्यात भूशास्त्र शिकली आणि पुढे जीवाश्मांकडे वळली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला विचारले, की बाई गं, याचे गोव्यात करणार काय? मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात नोकरीभर प्राणिशास्त्र शिकवले. माझे मत तेव्हाही घरच्यांपेक्षा वेगळे होते. जीवाश्म उकरायला तिने चंद्रपूरला जावे, कच्छला जावे, पण ते वाचायला शिकायचे तर मासळी बाजारात, खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) आणि कुंभारजुव्याच्या कालव्यावर यावे. तिच्याकडे हाड आहे, जनावर नाही. माझ्याकडे जनावर आहे, पण ते आजचे, कालपरवाचे. त्याच्या मागची कोट्यवधी वर्षे तिच्या विभागाच्या कपाटात कुलूपबंद.

हे कपाट प्रकरण आपल्याकडे शब्दशः खरे आहे. आपल्या विद्यापीठांत पुराजीवशास्त्र बसते भूशास्त्र विभागात, प्राणिशास्त्र दुसऱ्या इमारतीत. दोघांचे अभ्यासक्रम वेगळे, परीक्षक वेगळे, चहाचे कट्टेसुद्धा वेगळे. भूशास्त्राचा विद्यार्थी जीवाश्म पाहतो तो थराचे वय ठरवण्यासाठी. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी उत्क्रांतीच्या पेपरात आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचे चित्र काढतो, पाच मार्क मिळवतो आणि त्या चित्रातला खांदा कसा हलत असेल हा प्रश्न त्याला आयुष्यात कधी पडत नाही. मलाही उशिराच पडला.

दिवाळीनंतर भाची आली की आम्ही पणजीच्या बाजारात जातो. मोरी, म्हणजे शार्क मासा, बहुतेक वेळा डोके छाटूनच येते, म्हणून अख्खी मोरी दिसली की ती हरखते. विकणाऱ्या बाईला तिने एकदा सांगितले, की मला डोके हवे, दातांसकट. बाई म्हणाली, ‘दांत कित्याक जाय गो तुका?’ आणि शेजारणीकडे बघून हसली. घरी येऊन जबडा उघडला. मोरीच्या दातांच्या रांगा एकामागे एक असतात, पुढचा पडला की मागचा सरकतो, जन्मभर हा कारखाना चालू. अंगात हाड नाही, सगळी कूर्चा, आणि कूर्चा सहसा कुजून जाते. त्यामुळे खडकात मोरीचे उरतात ते मुख्यतः दात, तेही हजारोंनी. तिने वरच्या जबड्यातला एक आणि खालच्या जबड्यातला एक दात शेजारी ठेवला. वरचा रुंद, त्रिकोणी, कडेला करवतीसारखा. खालचा अरुंद, टोकदार. ‘मामा, हे दोन मला वेगवेगळ्या दगडांत मिळाले असते तर मी दोन जाती लिहिल्या असत्या,’ ती म्हणाली. तसे खरोखर झालेले आहे. एकाच माशाच्या तोंडातले निरनिराळ्या जागांचे दात निरनिराळी नावे घेऊन संग्रहालयांत बसले, आणि आजच्या माशांचे जबडे समोर ठेवून कोणी रांगा लावल्या तेव्हा कुठे त्यांतली काही नावे मिटली.

या कामाचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस म्हणजे निकोलस स्टेनो. 1666 साली इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड मोरी पकडली. तस्कनीच्या ड्यूकने तिचे डोके फ्लॉरेन्सला मागवले आणि चिरफाड करायला दिले या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे. तेव्हाच्या युरोपात डोंगरात सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड लोक विषावरचा उतारा म्हणून गळ्यात बांधत. ते आभाळातून पडतात, असेही मानत. स्टेनोने ताजा दात आणि तो दगड एकत्र पाहिले आणि 1667 साली लिहून टाकले, की हे दगड म्हणजे जुन्या मोऱ्यांचे दात होत. मग दुसरा प्रश्न आपोआप आला. मोरीचा दात डोंगरात कसा? त्याचे उत्तर शोधता शोधता थरांवर थर कसे बसतात याचा पहिला नियम त्याच्याच हातून लिहिला गेला. भूशास्त्राचे विद्यार्थी तो नियम पहिल्या वर्षी पाठ करतात. त्याच्या मुळाशी मासळीचे डोके आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

पुढची दीडशे वर्षे ही दोन कामे एकाच टेबलावर चालली. पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए याने 1796 साली हत्तींचे सांगाडे मांडले, आशियाई आणि आफ्रिकी हत्ती वेगळे असल्याचे दाखवले, आणि मॅमथ या दोहोंत बसत नाही, तो जगातून गेलेला प्राणी आहे, असे जाहीर केले. एखादी जात पूर्णपणे नष्ट होऊ शकते ही कल्पना तोवर फार थोड्यांना पटत होती. क्युव्हिएकडे जिवंतांचे सांगाडे नसते तर मेलेल्याचे वेगळेपण त्याला कळते कशाने?

त्याच क्युव्हिएचे 1830 साली आपला जुना सहकारी जॉफ्रॉय सेंत-हिलेर याच्याशी भर अकादमीत भांडण झाले. निमित्त होते माकुलाचे, म्हणजे कणा नसलेल्या कटलफिशचे, आपल्या बाजारात माणकीशेजारी काळी शाई गाळत पडलेले असते तेच. दोन तरुण अभ्यासकांनी मांडले होते, की कणा असलेला प्राणी पाठीकडून दुमडून मान कमरेला टेकवली तर त्याच्या अवयवांची मांडणी माकुलासारखी होते. जॉफ्रॉयला हे मनापासून आवडले, कारण सगळ्या प्राण्यांचा आराखडा मुळात एकच, हे त्याचे आयुष्यभराचे म्हणणे. क्युव्हिए म्हणाला, आराखडा बिराखडा काही नाही, अवयव त्याच्या कामाप्रमाणे असतो. त्या वादात बाजी क्युव्हिएने मारली, आणि माकुलाबाबत त्याचेच बरोबर होते. पण जॉफ्रॉयने त्याआधी, 1822 मध्ये, शेवंड (लॉबस्टर) उलटी ठेवून म्हटले होते, की हिचे पोट म्हणजे आपली पाठ. तेव्हा लोक हसले. 1990च्या दशकात जनुके तपासली गेली, तेव्हा किटकांत पोटाची बाजू ठरवणारी आणि आपल्यात पाठीची बाजू ठरवणारी यंत्रणा एकाच घराण्यातली निघाली. हसणाऱ्यांनी थोडे थांबायला हवे होते.

मग टेबले वेगळी का झाली? माझ्या मते दोष कोणाचाच नाही, काम वाढले एवढेच. हाडवाल्यांना थर, खनिजे, काळमापन शिकणे भाग पडले. जनावरवाले पेशीत आणि रेणूत शिरले. अवयवांची रचना हा विषय दोघांच्या मधल्या गल्लीत राहिला. जर्मनीत गिसेनला 1983 साली पृष्ठवंशी प्राण्यांच्या रचनेवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या मालिकेच्या बैठकांत अजूनही एका खोलीत कोणी पालीच्या चालण्याचा क्ष-किरण चित्रपट दाखवतो आणि शेजारी कोणी पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा खांदा. आपल्याकडे मात्र गल्ली गल्लीच राहिली.

त्यात 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातले विच्छेदन बंद केले. याबद्दल माझे मत दुटप्पी आहे आणि ते तसेच राहू दे. बेडकांच्या बाबतीत निर्णय योग्यच. पावसाळ्यात गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून बेडकांची किती चोरटी शिकार होते ते मी पाहिले आहे, त्यात कॉलेजांची भर नको. पण त्यामुळे आज एम. एस्सी. झालेली मुले अशी भेटतात, ज्यांनी खांद्याचे हाड कधी हातात धरलेले नाही. पडद्यावरचा बेडूक फिरवता येतो, चाचपता येत नाही. मासळी मात्र कोणी बंद केलेली नाही. घरी इसवण आणता, बांगडा आणता, काटे फेकून देता. त्या काट्यांत एका वर्गाचा सांगाडा-विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

माझ्या भाचीच्या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट नागपूरशी जोडलेली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना 1984 साली गुजरातेत धोली डुंगरी इथे डायनोसॉरच्या अंड्यांचा एक दगड मिळाला. अंडी सौरोपॉडची, म्हणजे लांब मानेच्या त्या अजस्र शाकाहारी मंडळींची. शेजारी बारीक हाडे. 1987 साली त्यांनी ती हाडे नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते, घरट्यात अंड्याशेजारी हाडे असली तर ती पिल्लाचीच असणार असे कोणालाही वाटेल. 2001 साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन नागपूरला आले आणि त्यांनी तो दगड पाहिला. काही मणक्यांचा जोड त्यांना खटकला. सापाच्या मणक्यांत नेहमीच्या जोडांखेरीज आणखी एक जोड असतो. एका मणक्याची पाचर पुढच्या मणक्याच्या खोबणीत बसते, त्यामुळे साप वळतो भरपूर, पण पिळवटत नाही. दगडातल्या मणक्यांना ती पाचर होती.

पुढे दगड साफ झाला, सापांचे जाणकार जेसन हेड सामील झाले, आणि 2010 साली सगळे चित्र छापून आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू, आणखी दोन अखंड अंडी. सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वी वाळूचा लोट आला आणि सगळे तसेच्या तसे गाडले गेले. सापाला नाव मिळाले सनाजेह इंडिकस.

मी वर्गात ही गोष्ट सांगायचो ती इथे संपायची. भाचीने मला पुढचा भाग शिकवला. साप अंडे गिळणार होता का? त्याचे उत्तर दगडात नाही. ते आजच्या सापांच्या कवटीत आहे. अजगराचा जबडा रुंद उघडतो, कारण त्याच्या कवटीची मागची हाडे लांबलेली आणि सैल असतात. सह्याद्रीच्या मातीत राहणाऱ्या खापरखवल्यांचा जबडा तसा उघडत नाही, ते गांडुळांवर भागवतात. सनाजेहची कवटी अजगराइतकी मोकळी झालेली नव्हती, म्हणजे सौरोपॉडचे मोठे गोल अंडे त्याच्या तोंडात मावणे कठीण. तो बाहेर पडणाऱ्या पिल्लासाठी टपला होता, असा निष्कर्ष निघतो. आंबोलीच्या पावसात कोणी उचलून दाखवलेला हातभर खापरखवल्या गुजरातेतल्या डायनोसॉरच्या घरट्यातल्या खुनाची साक्ष देतो, हे मला आजही विलक्षण वाटते. आणि मोहबे यांचे मोठेपण असे, की आपल्याच जुन्या निष्कर्षाला छेद देणाऱ्या त्या लेखाचे ते सहलेखक आहेत.

आता आमच्या मगरींकडे येतो.

मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा खाऱ्या-गोड्या पाण्याचा. तिथे गाळाच्या काठावर ओहोटीच्या वेळी मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. दुर्भाट, बोरी या भागात पौष अमावास्येला ‘मांगे थापणी’ होते. खाजनातल्या चिखलाची मगर करायची, तिला शिंपल्या-काड्यांनी सजवायचे, पुजायचे, कुठे कुठे कोंबडीचे पिल्लू किंवा अंडे अर्पण करायचे. बांध फुटू नये, शेतात उतरलेल्या माणसाला मगरीने काही करू नये, अशी भावना. भाचीने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, ‘मगर आणि कोंबडी एकत्र! तुमच्या लोकांनी डायनोसॉरच मांडलाय की.’ लोकांच्या मनात तसे काही नसते, हे मी तिला सांगितले. असल्या योगायोगावर मोठे इमले बांधणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण तिच्या डोक्यात होते ते मात्र पक्के शास्त्र होते.

डायनोसॉरचे मांस, हृदय, फुप्फुस उरलेले नाही. मग ते कसे होते हे ठरवायचे कसे? लॅरी विटमर यांनी 1995 साली एक शिस्त घालून दिली. डायनोसॉरच्या अलीकडे-पलीकडे आज जगणारे दोन नातेवाईक आहेत, मगर आणि पक्षी. एखादा मऊ अवयव दोघांतही असेल आणि त्याची हाडावरची खूणही दोघांत तीच असेल, तर ती खूण डायनोसॉरच्या हाडावर शोधावी. सापडली तर अवयवही होता असे बेधडक म्हणावे. फक्त एकातच असेल तर जपून बोलावे. दोघांतही नसेल तर गप्प बसावे, किंवा भरभक्कम पुरावा आणावा. हृदयाचे चार कप्पे मगरीतही आणि पक्ष्यातही, तेव्हा डायनोसॉरमध्येही असावेत. मादी मगर पिल्लांची हाक ऐकून घरटे उकरते, पक्षी तर पिल्ले सांभाळतातच, तेव्हा डायनोसॉरच्या घरट्याशेजारी आई कल्पायला हरकत नाही.

फुप्फुसाची गोष्ट याहून रंगतदार. आपल्या छातीत हवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने परत येते. पक्ष्याच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत ती श्वास घेताना आणि सोडताना एकाच दिशेने वाहते, त्यासाठी हवेच्या पिशव्यांची मोठी व्यवस्था असते, आणि या पिशव्या मणक्यांतसुद्धा शिरून तिथे पोकळ्या पाडतात. मजुंगासॉरस हा मादागास्करचा मांसाहारी डायनोसॉर, नर्मदेकाठच्या आपल्या राजासॉरसच्या घराण्यातला. पॅट्रिक ओकॉनर आणि लिऑन क्लेसेन्स यांनी आजच्या पक्ष्यांच्या पिशव्यांची कोणती शाखा कोणत्या मणक्यात शिरते याचा नकाशा केला, मग तो मजुंगासॉरसच्या मणक्यांवर ठेवून पाहिला, आणि 2005 साली सांगितले की याचीही व्यवस्था पक्ष्यासारखीच होती. इथपर्यंत हे उड्डाणाच्या तयारीचे लक्षण वाटत होते. मग 2010 साली कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसात हवेचा प्रवाह मोजला, तर तिथेही एकाच दिशेचा वारा! मगरीच्या कुळाला ना पंख, ना पक्ष्यासारख्या पिशव्या. तीन वर्षांत घोरपडीच्या कुळातल्या एका आफ्रिकी जातीतही तोच प्रकार दिसला. म्हणजे हे उड्डाणासाठी घडलेले नव्हतेच, फार मागे कुठेतरी सुरू झालेले होते, पक्ष्यांनी ते पुढे वापरले.

घोरपडीचे नाव निघाले की गोवेकराला घुमट हे वाद्य आठवते. पूर्वी घुमटाचे तोंड तिच्याच कातड्याने मढवत. 1972च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे कातडे लावतात, 2019 साली घुमट राज्याचे वारसा वाद्यही झाले. शेकडो वर्षे आमच्या आरत्यांत घोरपड वाजत होती आणि तिच्या आत वारा कुठल्या दिशेने वाहतो हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. विचारले असते तर बहुधा वेड्यात काढले असते.

चोडणच्या फेरीधक्क्याजवळ ओहोटीला गाळ उघडा पडतो, त्यावर पाखरांच्या पावलांची नक्षी उमटते. भाचीला या नक्षीचे वेड. एकच पक्षी घट्ट गाळात स्वच्छ तीन बोटांचा ठसा उठवतो, चार हात पुढे सैल गाळात गेला की पाय आत जातो, वरून गाळ मिटतो आणि राहते एक चीर. दगडात हे दोन ठसे मिळाले तर दोन जनावरे वाटतील, मोरीच्या दातांसारखेच. 2014 साली पीटर फॉकिंगहॅम आणि स्टीव्हन गेट्सी यांनी यावर नामी तोड काढली. गिनीफाउल, म्हणजे ती ठिपक्याठिपक्यांची कोंबडी, त्यांनी चालवली चक्क खसखशीवर, आणि क्ष-किरणांनी तिचे पाऊल खसखशीच्या आत कसे उतरते, कसे निघते, ते पाहिले. मग संगणकावर प्रत्येक दाण्याची हालचाल मांडली. दिसले असे, की वरच्या थरावरचा ठसा आणि खालच्या थरांतले ठसे एकमेकांसारखे नसतात, पाऊल निघताना मागे वेगळाच मार्ग उरतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यातला डायनोसॉरच्या पावलाचा एक जुना कोडे-ठसा त्यामुळे उलगडला. माझ्या बायकोला मी हे सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला खसखशीच्या भावाचा.

एवढे ऐकून असे वाटेल, की जनावरवाले नेहमी शिकवतात आणि हाडवाले शिकतात. तसे नाही. पिसे फक्त पक्ष्यांना असतात असे आम्ही जनावरवाले छातीठोक सांगत होतो. 1996 साली चीनमधून सिनोसॉरोप्टेरिक्स आला, अंगावर तंतूंसारखी मऊ पिसे आणि उडण्याचे नाव नाही. जिवंत जगाकडे कितीही वेळ पाहिले असते तरी उडण्याआधीचे पीस कोणाला सुचले नसते. मधले सगळे मेलेले असतात, आणि मेलेल्यांची खबर हाडवाल्यांकडेच असते.

आणि कधी कधी दोघेही ताणून धरतात. देवमाशांचे तसे झाले. बरीच वर्षे पुराजीवशास्त्रज्ञ त्यांचे मूळ मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांत पाहत, कारण दात जुळत. 1990च्या दशकात रेणूवाले म्हणू लागले, की देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. हाडवाले वैतागले. दात सरळसरळ दिसत असताना रक्ताच्या थेंबावर विश्वास ठेवायचा? निकाल लागला तो घोट्यावर. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखा आकार असतो, इतर कुणाला तो तसा नसतो. 2001 साली पाकिस्तानातून पाय असलेल्या आद्य देवमाशांचे घोटे दोन वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केले. दुहेरी कप्पी स्पष्ट होती. हाडवाल्यांनी आपलाच दावा आपल्याच हाडाने मोडला. मला तरी या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सभ्य क्षण वाटतो.

भारताचा वाटा त्यानंतर आला. जम्मूतल्या कालाकोटला ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षे पडून होते, त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन यांच्या हाती दिले. साफ करताना एका कवटीचे कानाचे हाड चुकून फुटले, आणि आत दिसली ती जाड भिंत, जी तोवर देवमाशांच्या कुळातच माहीत होती. प्राणी होता इंडोह्यूस, मांजरापेक्षा थोडा मोठा, बारीक पायांचा, सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा. 2007 साली तो जगापुढे आला, थेविसन यांच्याबरोबर सुनील बाजपेयी हेही लेखक होते. पायाची हाडे बाहेरून जाड, म्हणजे पाण्यात तळाशी चालायला वजन. पण एवढेसे जनावर पाण्यात करते काय? त्यासाठी पुन्हा जिवंताकडे जावे लागले. आफ्रिकेतले पाण्याकाठचे पिसोरी हरीण शत्रू दिसला की ओढ्यात बुडी मारते. त्याचा भारतीय भाऊ, आपली पिसोरी, म्हादईच्या आणि खोतीगावच्या जंगलात आहे, मात्र इतकी लाजरी की वनरक्षकांनाही क्वचितच दिसते.

आग्वादसमोर पर्यटकांना होड्यांतून डॉल्फिन दाखवतात. मागचे पाय नसलेला तो प्राणी. पण गर्भात असताना डॉल्फिनला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि काही आठवड्यांत विरतात, कारण त्यांना वाढवत नेणारे एक जनुक तिथे कामच करत नाही. थेविसन यांच्याच गटाने हे 2006 साली दाखवले. त्याच वर्षी जपानमध्ये तायजी इथे मागे पराची जास्तीची जोडी असलेला एक डॉल्फिन पकडला गेला. कच्छमध्ये मिळालेल्या आद्य देवमाशांचे बारके होत गेलेले मागचे पाय आणि गर्भातला हा विरणारा कोंब, ही दोन माणसांनी दोन टोकांकडून खणत आणलेली वाट आहे.

आमच्या जुन्या कॉलेजात गेल्या वर्षी भाचीने एक व्याख्यान दिले, अध्यक्ष म्हणून मला बसवले. व्याख्यान झाल्यावर मुले नेहमीप्रमाणे गप्प. मग दुर्भाटची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘सर, मांगे थापणीला आम्ही मगरीच्या पाठीवर शिंपल्या लावतो. खऱ्या मगरीच्या पाठीत त्या जागी हाडाच्या चकत्या असतात ना? त्या कशासाठी?’ मी म्हटले, चिलखत. भाची म्हणाली, चिलखत असते तर पोटालाही तेवढेच जाड असते. मगरींच्या जुन्या नातेवाइकांत या चकत्यांच्या रांगा कण्याला स्नायूंनी जखडलेल्या होत्या, जमिनीवर चालताना पाठ सावरायला. मी म्हटले, मग त्यांत रक्तवाहिन्या इतक्या का? ऊन शोषायला. त्यावर तिने 2003 सालचे एक संशोधन काढले. पाण्याखाली दम धरून राहिलेल्या केमन या मगरीच्या नातलगाच्या रक्तात आम्ल साचते, ते या चकत्यांमधले खनिज शोषून घेते. मुलीने विचारले, ‘म्हणजे यांतले नक्की कशासाठी?’ आम्ही दोघे एकदमच बोलू लागलो आणि एकमेकांना अडवू लागलो. प्राचार्यांनी घड्याळ दाखवले. ती मुलगी आता मगरीच्या पाठीच्या त्वचेवर प्रकल्प करायचा म्हणते. कालव्यात मेलेली मगर मिळाली तरी तिला हात लावायला वनखात्याची परवानगी लागते, त्यासाठीचा अर्ज आम्ही तिघांनी मिळून लिहायला घेतला आहे. त्यात ‘उद्देश’ या रकान्यात काय लिहायचे यावर भाचीचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.